ग्रुपमधल्या ताई

सोसायटीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा पहिला नियम, ग्रुपवर कोणी कोणाला अरे-तुरे करायचं नाही. पार्किंगवरून एकाने दुसऱ्याला 'ए शहाण्या' म्हटलं, तर सरांनी त्याला दोन मिनिटांत बाहेरचा रस्ता दाखवला.

लिफ्टमध्ये चिकटवलेला ग्रुपचा कोड स्कॅन करून महिन्याभरापूर्वी एक बिननावाचा नंबर ग्रुपमध्ये आला. रोज सकाळी तिकडून एखादा साधा प्रश्न यायचा. "सर, आज पाणी कधी येईल, विचारू शकते का?" सर लगेच लिहायचे, "अवश्य विचारा ताई. सात वाजता येईल. आपण काळजी करू नये." त्यावर ताई नुसतं "बरं वाटलं" एवढंच लिहायच्या. सरांनी एकदा सगळ्यांना सुनावलंसुद्धा, "कसं बोलावं ते या ताईंकडून शिका."

आज कमिटीने बिननावाचे नंबर काढून टाकायला सांगितलं. ताईंना न विचारता काढणं सरांना सभ्यपणाचं वाटेना. त्यांनी घसा साफ केला आणि तो नंबर लावला.

आत स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवलेला फोन वाजायला लागला. लेकीने आपला जुना फोन आईला देऊन महिना झाला होता, पण त्याचा नंबर सरांनी कधी विचारला नव्हता.

 

फोन कानाला तसाच धरून सर आत बघत बायकोवर खेकसले, "ए बहिरे, तो फोन बंद कर आधी. मला इथे एका सभ्य बाईंशी बोलायचंय."