साठ ऑपरेशनं

सर्जन व्हायला आलेल्या त्या डॉक्टर पोरीनं तीन वर्षं एकच काम केलं. सर ऑपरेशन करायचे आणि ती हाताला मुंग्या येईपर्यंत पेशंटचं पोट हुकानं ओढून धरायची. ब्लेड मागितलं की सर म्हणायचे, "हात फारच शिवशिवत असतील तर वॉर्डातल्या पट्ट्या बदल."

बाहेरून तपासणी येणार म्हटल्यावर मात्र सरांची तंतरली. शिकणाऱ्यानं स्वतः केलेली ऑपरेशनं ज्या वहीत नोंदवायची, ती तिची वही कोरी करकरीत होती.

"साठ केलीस म्हणून लिही," सर खेकसले, "नाहीतर परीक्षेला कशी बसतेस तेच बघतो."

तिनं दातओठ खात साठ खोटी ऑपरेशनं लिहिली. सरांनी चहा पितापिता, न वाचताच, साठ सह्या ठोकल्या.

महिन्याभरात सरांच्या हातून पित्ताशय काढताना भलतीच नळी कापली गेली आणि पेशंट दगावली. चौकशी बसली. डोळ्यांदेखत घडलेलं सगळं सांगून टाकायचं, मग डिग्री गेली खड्ड्यात, असं ठरवूनच ती आत गेली. पण तिनं तोंड उघडायच्या आत सरांनी तीच वही टेबलावर ठेवली.

"साठ ऑपरेशनं केलेली मुलगी, म्हणून मी बाजूला झालो आणि तिला करू दिलं. एवढा विश्वास टाकला हो मी!"



तीन वर्षांत पहिल्यांदाच सरांनी तिच्या हातात ब्लेड दिलं होतं.