पितळी हात
"नकाशाच्या कोपऱ्यातल्या सहा छोट्या घरांत कोण राहणार?" मैत्रीण टॅम्सिनने पैज लावली म्हणून मी भरसभेत विचारलंच! गावातला बंद हातमोज्यांचा कारखाना पाडून वसाहत होणार होती. बिल्डरने तिथला पितळी हात टेबलावर उभा मांडला होता. तो तापवून त्यावर हातमोज्यांना इस्त्री करत. "स्वस्त घरं, जुन्या कामगारांसाठी," बिल्डर पुटपुटला. तोवर ती सहा घरं कुणाला दिसलीच नव्हती. "तसली माणसं आमच्या शेजारी? शी!" माझी आई किंचाळली. टॅम्सिनची आई मॉरीन तिथंच चहा देत होती. तिच्या बोटांवर त्याच पितळेच्या चटक्यांचे व्रण होते. घर परवडत नसल्याने मायलेकी चाकांवरच्या कॅरव्हॅनमध्ये राहत. "ज्यांना स्वस्त घरं नकोत, त्यांनी हात वर करा," सभेचे अध्यक्ष असलेले माझे बाबा म्हणाले. झाडून सगळे हात वर, पितळीसुद्धा! बिल्डरने हसत घरं खोडली. "मॉरीन, साखर दोन चमचे," आई म्हणाली. "आई, बाबा, मी टॅम्सिनकडे राहायला चाललेय."