मुखपृष्ठावरचं नाव

वसुधा आणि कमलाकर सुर्वे यांच्या लेकीचं, उत्कर्षाचं लग्न झालं ते चौऱ्याण्णव साल. ती सिंगापुरातच बिशानला सासरी गेली, आईवडिलांच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी झाली आणि तिथे मार्गिट हेडवाल भाड्याने राहायला आली.

मार्गिट स्वीडनची. लेखिका आणि अनुवादक. चार वर्षं पुण्यात राहून मराठी शिकलेली. आता इथल्या विद्यापीठात संशोधन करायची. बोलायची इतकं शुद्ध, की कमलाकर म्हणायचा, "हिच्याशी बोलायचं तर आधी आंघोळ करून यावं लागेल."

वसुधा पोळ्या लाटताना गोष्टी सांगायची. कमलाकर वीस वर्षं स्वीडिश बोटींवर फिटर होता. त्या एकटेपणात लेकीला झोपवायला तिने स्वतःच रचलेल्या गोष्टी. मार्गिट पिठाच्या डब्याला टेकवून टेपरेकॉर्डर ठेवायची. एकतीस कॅसेटी भरल्या.

"वसुधाताई, स्वीडिशमध्ये याचं पुस्तक होईल."

"माझं नाव येईल?"

"येईल ना!"

पंच्याण्णवच्या डिसेंबरात मार्गिट परत निघाली, तेव्हा तिने प्रकाशकाचा स्वीडिशमधला कागद पुढे केला. कमलाकरने तो वाचून दाखवला. मुखपृष्ठावर एकट्या मार्गिटचं नाव. वसुधाचे आभार शेवटच्या पानावर.

"मी सही करणार नाही," वसुधा म्हणाली. पन्नाशीत अक्षरं शिकली होती ती. सही म्हणजे तिच्यासाठी पोरखेळ नव्हता. "गोष्टी माझ्या. नाव वर हवं, तुझ्या शेजारी."

"ताई, तिकडे तुम्हाला कोण ओळखतं?"

"तुला तरी कोण ओळखतं गं?"

मार्गिटचा चेहरा उतरला. आपल्या दोन कादंबऱ्या कुणी वाचल्या नाहीत, हे तिनेच एकदा सांगितलं होतं.

"तुमच्या सहीशिवाय प्रकाशक छापणार नाही."

"मग नको छापू."

मार्गिटने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. जाताना वाकून नमस्कार मात्र केला. त्यानंतर तिचं एकही पत्र आलं नाही.

सत्त्याण्णवमध्ये प्रकाश आला. कमलाकरचा जुना सोबती, अजून बोटीवर असलेला. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं.

"वहिनी, स्वीडनात गोटेबोर्गला दुकानाच्या काचेत होतं! तुमच्या भाडेकरू बाईचा फोटो ओळखला मी."

मुखपृष्ठावर एकच नाव होतं. वसुधाने पुस्तक कमलाकरच्या हातात दिलं. कमलाकरने चष्मा लावला आणि मागचा मजकूर अडखळत वाचला. मार्गिट हेडवाल, जन्म गोटेबोर्ग. भारतीय भाषांतून चौदा अनुवाद. या पुस्तकाला यंदाचा मोठा पुरस्कार.

"चौदा वेळा दुसऱ्याचं लिहून मोठी झाली," वसुधा म्हणाली. "आत बघा. आभारात तरी आहे का मी?"

कमलाकरने पहिलं पान उघडलं. वाचता वाचता थांबला.

"आहे," तो म्हणाला. "पहिल्याच पानावर आहे तुझं नाव."

"वाचा की मग!"

"अगं, चहा टाक ना आधी. प्रकाश कधीचा बसलाय."

"चहा पळून जात नाही. बोट ठेवून वाचा."

कमलाकरने प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशने मान खाली घातली. मग कमलाकरने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द मराठीत सांगत गेला.

"या गोष्टी मला वसुधा सुर्वे यांनी सांगितल्या. मागे कुणी वारस नसलेल्या वसुधाताई ९ जानेवारी १९९६ रोजी सिंगापूरमध्ये वारल्या."