सासूबाईंची छत्री

शांघायच्या बागेत दर रविवारी उपवर मुलामुलींचे आईबाप उघड्या छत्रीवर स्थळाची माहिती चिकटवून बसतात. सिनेनटी शू मेइझेनही मुलासाठी तशीच बसली होती. मुलगा दातांचा डॉक्टर, स्वतःचा फ्लॅट, पण पस्तिशी उलटली तरी जमत नव्हतं. बायका छत्री वाचून खूश होत आणि मेइझेनचं तोंड पाहून पांगत. तीस वर्षं पडद्यावर तिने खाष्ट सासूशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

"ही तीच गं, सुनेला बर्फात गुडघ्यांवर बसवणारी," एक कुजबुजली.

"अहो, तो बर्फ मिठाचा होता," मेइझेन कळवळून म्हणाली. "आणि ती सून तर माझी जिवलग मैत्रीण आहे."

"मैत्रिणीला असं वागवता, मग खऱ्या सुनेचं काय?" दुसरी म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी एक जोडपं धापा टाकत आलं. "सिनेमातल्या सासूबाई तुम्हीच ना?"

मेइझेनने घाईघाईने सांगून टाकलं, "हो, पण घरात मी अगदी गरीब गाय आहे. कुणाला उलटून बोलत नाही."

 

नवऱ्याचा चेहरा पडला. "चल गं," तो बायकोला म्हणाला, "आपल्या पोरीपुढे ह्यांचा निभाव लागायचा नाही."