मागचं दार

विकायला काढलेल्या जीपची मागची दारं खडखडतात म्हणून गिऱ्हाईक परत गेलं, तेव्हा माझे धाकटे दीर दादासाहेब ती हायवेवरच्या गॅरेजात घेऊन आले. मीही हट्टानं सोबत आले. जीप माझ्या नवऱ्याची. शेतात चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं. ते गेल्यापासून दिरांचं एकच पालुपद, "आपल्या घरातली बाई गावातनं गाडी चालवणार न्हाई. इकून टाकू."

मेकॅनिक समाधाननं दारांच्या आतल्या सैल पट्ट्या बदलल्या. "आवाज गेला का ते चालत्या गाडीतच कळेल," तो म्हणाला. "दादासाहेब, आपण मागं बसू. तुम्ही त्या दाराला हात लावून बसा, मी या दाराला लावतो. आत काही हललं तर हाताला समजतं. पुढं कुणीतरी चालवा."

कुणाला हाक मारावी ते दीर बघेपर्यंत मी स्टेअरिंगवर बसले होते.

स्पीडब्रेकर गेले, खड्डे गेले, दारं गप्प.

"झ्याक! उद्याच गिऱ्हाइकाला बोलावतो," दीर म्हणाले. मग जरा वेळानं, "वहिनी, वळवा की. गॅरेज मागं राहिलं."

"खरे खड्डे आपल्या गावात हायत, भावजी. दार सोडू नका."

आमच्या कुरुळीत पारापाशी आल्यावर मी मुद्दाम हॉर्न दिला. पारावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. गाडी मी चालवत होते, आणि मागं आमचे दादासाहेब दोन्ही हातांनी दार धरून बसले होते.