रात्र गेलेलं घर

"वर्ष झालं लगनाले, अजून पाळणा नाई हलला. आता सोमवार निर्जळी धरजो," सुरभीच्या दंडाला पाचवा गंडा बांधत सासू देवकाबाई कुरकुरल्या. सुरभीच्या नवऱ्याने, मुकेशने, मोबाईलात तोंड खुपसलं.

लग्नाच्या आठवड्यातच देवकाबाईंना वणा नदीच्या पात्रात तेजोमणी गवसला होता. तो देव्हाऱ्यात बसला आणि दोन खोल्यांच्या त्या घरातून रात्रच गेली. पडदे, पेट्या, सात गोधड्या, त्याचा उजेड कशालाच जुमानत नव्हता. पण देवाच्या वस्तूला नावं ठेवायची कोणी?

शेवटी ओसरीवर सासरे नत्थूजी खाकरले. सुनेसमोर असलं बोलायची रीत नाही, म्हणून भिंतीकडे पाहत बायकोवर ओरडले,

 

"अवो, तो मणी देवळात नेऊन ठेव पयले! घरात वर्षभर अंधारच नाई पडला, तं नातू काय भर दुपारी होईन?"