पहिला दिवस वाया जायला नको

चार बेटं, आठ दिवस, मुक्कामही पाण्याखालीच. कुंदाने सगळं वहीत आखून ठेवलं होतं. कल्ल्यांचं इंजेक्शन खरं तर किनाऱ्यावर पोचल्यावर घ्यायचं; पण ते चढायला दिवस जातो, म्हणून तिने सकाळी घरीच नवऱ्याला टोचलं आणि स्वतःलाही. संध्याकाळी मानेवर कल्ले उघडले की पुढचे आठ दिवस श्वास घ्यायचा तो पाण्यातच.

दुपारी हेरंब फोन घेऊन दारात आला. "वादळामुळे विमान रद्द झालंय. उद्याचंही."

कुंदाचा हात मानेकडे गेला. कातडी तडकू लागली होती.

"अहो, याला काही उतारा?"

"नाही."

ती धावत मोरीत गेली. तिने पिंपात वाकून पाहिलं. तळाला दोन तांबे पाणी होतं. नळाला आता परवाच पाणी सुटणार होतं.